बोडीचं लग्न

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. आमगावच्या शाळेत चौथी झाले तेव्हा मास्तर वडिलांना म्हणाले होते, मुलगी हुशार आहे पण पाटीवर मुंग्या चालवते. पुढे लिहायचं काम फार पडलं नाही, त्यामुळे त्या मुंग्या तशाच राहिल्या. कोणाच्या हाती ही वही पडली तर चुका पोटात घालाव्यात. कोणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. पंचवीस वर्षांपासूनची एक गोष्ट आहे. तोंडानं सांगायला गेले की अजूनही जीभ उचलत नाही, म्हणून कागदावर ठेवते.

माझं सासर वैनगंगेतल्या टापूवर. नदी वर एका ठिकाणी फुटते, दोन धारा आमच्या दोन्ही बाजूंनी जातात आणि खाली पुन्हा एक होतात. मधला उंचवटा म्हणजे आमचं गाव, चाळीसेक घरं, थोडी धानाची शेती. वरच्या टोकाला वरटोला, खालच्या टोकाला खालटोला. पावसाळ्याचे चार महिने डोंग्याशिवाय, म्हणजे लाकूड कोरून केलेल्या होडीशिवाय, बाहेर जाता येत नसे. तिरोड्याचा बाजार, वैद्य, टपाल, सगळं पलीकडे. उन्हाळ्यात वाळू तुडवत चालत जायचं.

चारही बाजूंनी नदी, मग पाण्याला काय तोटा, असं माझ्या माहेरची माणसं म्हणायची. लग्न ठरलं तेव्हा आईनंही तेच म्हटलं होतं. तिथे राहिल्यावर कळलं. पावसाळ्यात पाणी उदंड, पण चहासारखं गढूळ. ते निवळायला रात्रभर ठेवावं लागे. गावात विहीर एकच. चैत्र लागला की तिचा तळ दिसायचा. मग आम्ही बायका धारेच्या वाळूत झिरे खणायचो. हातानं कोपरभर वाळू उपसली की खड्ड्यात हळूहळू पाणी पाझरतं. ते वाटीनं गुंडीत, म्हणजे पितळी घागरीत, भरायचं. एक गुंडी भरायला बसावं लागे तेवढ्या वेळात भात शिजला असता. नंतर कोपरभराचे खांदाभर व्हायचे, आणि खड्ड्याच्या काठी गुडघे टेकून, डोकं आत घालून पाणी काढावं लागे.

माझ्या जाऊबाई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. मी कोणाशी बोलायची नाही. सासऱ्यांसमोर तर नाहीच, आमच्याकडे सुना सासऱ्यांसमोर बोलतही नसत. पण मी बायकांतही बोलत नसे. झिऱ्यावर कोणी काही विचारलं की जाऊबाईच उत्तर द्यायच्या. म्हणायच्या, "तिले काय पुसता? तिची जीभ आमगावच्या टेसनावर राहिली. गाडी सुटली अन् जीभ तिथंच!" बायका हसायच्या. मीही हसायची. त्यांनी असं म्हटलं की मला बोलावं लागत नसे, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

पहिली मोठी लढाई संपून थोडे दिवस झाले होते, त्या सुमारास गावानं बोडी खणायचं ठरवलं. बोडी म्हणजे लहान तलाव. नवेगाव बांधाकडचा एक कोहळी म्हातारा आणला. त्या लोकांना तलावाचं ज्ञान पिढ्यांपासून. तो दोन दिवस नुसता काठी घेऊन टापूवर फिरला, जागोजाग माती हातात घेऊन चुरली, एकदा तर जिभेवर ठेवली. मग वरटोल्याच्या वरच्या अंगाला आमच्या सासऱ्यांच्या पडीत जमिनीत काठी रोवली आणि म्हणाला, "इथं थांबते पानी."

सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची. त्यांनी जमीन दिली. दोन्ही टोल्यांनी घरटी माणसं दिली. माघापासून जेठापर्यंत आम्ही माती वाहिली. पुरुष खणायचे, बायका टोपल्यांनी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, टाकायच्या, म्हातारी माणसं बैल फिरवून ती दाबायची. डोक्यावरचे केस गेले त्या वर्षी सगळ्या बायकांचे. जाऊबाई म्हणायच्या, "आता आमचे नवरे ओळखनार नाईत, बरंच झालं." कोहळ्यानं जाताना बजावलं, पाळ नवी आहे, पहिल्या वर्षी तुडुम उघडू नका, पाळ बसू द्या. तुडुम म्हणजे पाणी सोडायचं लाकडी तोंड.

आषाढात बोडी भरली. मी पाळीवर उभी राहून पाहिलं होतं. मातीच्या रंगाचं पाणी, पण आपलं. श्रावणातही पाऊस बरा झाला. भादव्यात एकदम थांबला तो थांबलाच. धान पोटरीत होतं, ते तसंच उभं वाळलं. मामाजी बांधावर जाऊन लोंब्या चोळून पाहायचे, आत काही नसायचं. तुडुम कोणी उघडला नाही. कोहळ्याचा शब्द होता, आणि दुसरंही एक कारण होतं, त्याच कारणासाठी मी हे लिहिते आहे.

आमच्या भागात नव्या बोडीचं लग्न लावावं लागतं. बोडी म्हणजे मुलगी. सरईच्या लाकडाचा उंच खांब, त्याला लाट म्हणतात, तो नवरदेव. मांडव, हळद, अक्षता, जेवण, सगळं माणसांच्या लग्नासारखं. मग लाट वाजतगाजत नेऊन पाण्यात मधोमध रोवायची. ते होईपर्यंत बोडीचं पाणी कोणी प्यायचं नाही, शेताला घ्यायचं नाही. कुमारी मुलीचं पाणी, अजून कोणाला दिलेलं नाही, ते घेणं म्हणजे चोरी. गुरंसुद्धा जाऊ नयेत म्हणून भोवती काट्यांचं कुंपण घातलं होतं.

लग्न माघात करायचं ठरलं होतं. भांडण झालं ते मुलीचा बाप कोण यावर. बोडी वरटोल्याच्या जमिनीत, तेव्हा वरटोला मुलीकडचा आणि खालटोला मुलाकडचा, असं खालटोल्याचे म्हातारे पंच म्हणाले. मुलीकडच्यांनी सगळ्या गावाला आणि नदीपलीकडून मदतीला आलेल्यांना जेवण द्यायचं. मुलाकडच्यांनी फक्त लाट आणायची. आमच्या अंगणात बैठक झाली ती मी दाराआडून ऐकली.

मामाजी म्हणाले, "जमीन आमची गेली. आता जेवनं बी आमीच द्याची? तुमी काय नुसते बाशिंग बांधून येता?"

पंच म्हणाले, "पोरगी तुमची. पोरीच्या बापानं मांडव नाई टाकाचा तं काय आमी टाकाचा? रीत काय आमी काढली?"

"तं मंग तुमी व्हा पोरीकडचे."

"वा! पोरगी तुमच्या घरात अन् बाप आमी? लोक काय म्हनतीन?"

तिथे हसणं झालं, कोणीतरी चिलीम पुढे केली, आणि बैठक उठली. अशा तीन बैठका झाल्या. दरवेळी हसणं कमी होत गेलं. खरं कारण मामाजींनी कोणाला सांगितलं नाही. धान गेलं होतं आणि घरात जेवण द्यायला पैसा नव्हता. पंचांनाही ते दिसत असणार. पण मामाजींनी तोंडानं म्हटलं नाही, म्हणून त्यांनीही नाही.

होळीनंतर पुरुष मँगनीजच्या खाणींवर गेले. माझे यजमान गेले, भासरे म्हणजे माझे मोठे दीर गेले. गावात म्हातारे, बायका आणि मुलं उरली. जाऊबाईंना सातवा महिना होता. आधीची दोन मुलं त्यांची वर्षाच्या आत गेली होती. हे तिसरं.

त्या वर्षी नदी अशी आटली की सासूबाई म्हणाल्या, मी लग्न होऊन आले तेव्हापासून असं पाहिलं नाही. चैत्रात मोठी धार तुटली. वैशाखात नुसते डोह राहिले, आणि डोहात पलीकडच्या गावांची गुरं बसायची. आमचे झिरे त्याच डोहांच्या खालच्या अंगाला. पाण्याला वास येऊ लागला. फडक्यानं गाळलं की फडकं हिरवं व्हायचं. आणि वरच्या अंगाला, काट्यांच्या कुंपणाआड, बोडीत माणसाच्या छातीइतकं निवळलेलं पाणी होतं. आम्ही झिऱ्याकडे जाताना त्या कुंपणाजवळून जायचो. बायका तिकडे बघायच्या नाहीत. एकदा एका लहान मुलीनं विचारलं, आई ते पाणी कोणाचं, तर तिच्या आईनं तिला चापट मारली.

पलीकडच्या एका गावात पटकी आल्याचं कळलं.

झिऱ्यावर डोंगेवाली बुढी यायची. ती ढिवर, मासेमार जातीची. पावसाळ्यात डोंगा तीच हाकायची. तिचा नवरा पुरात गेला होता आणि मुलगा कधी मदतीला असायचा, कधी नसायचा. प्रत्येक घर तिला वर्षाला ठरलेलं धान द्यायचं. त्या वर्षी कोणीच दिलं नव्हतं. तिची पाच वर्षांची नात तिच्याबरोबर असायची, वाटी धरून बसायची.

एके सकाळी झिऱ्यावर आम्ही दोघीच होतो. जाऊबाईंना आता वाकता येत नव्हतं. मी दोन गुंड्या घेऊन एकटीच आले होते. बुढी माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमच्या घरची मोठी कधी बसते बाळंत?"

मी बोटं दाखवली, आठ-दहा दिवस.

"हेच पानी पाजता का तिले?"

मी होय म्हणून मान हलवली.

ती वाटी थांबवून म्हणाली, "आयक. मायाजवळ तीस रुपये हायेत. नवा डोंगा कोराले ठेवले. जुना तळातून फुटला, डांबर लावून लावून चालवून राहिली. आता नदीच नाई तं डोंगा कायले? तुया सासऱ्याले सांग, घे म्हना. बोडीचं लगन लाव म्हना. पुढल्या धानाले परत दे. ब्याज नाई पायजे मले. माही नात बी हेच पानी पिऊन राहिली."

मी नुसती बघत राहिले. ती चिडली. "काऊन बोलत नाईस वो? समजलं का?"

मी म्हणाले, "सांगते."

मी सांगितलं नाही. आता लिहितानाही हात थांबतो, पण हेच लिहायला बसले आहे. त्या दिवशी मामाजी जेवायला बसले तेव्हा मी दाराआड उभी राहिले. शब्द जुळवले होते. मामाजी, बुढी म्हणते. एवढंच म्हणायचं होतं, पुढचं त्यांनी विचारलं असतं. त्यांनी हात धुतला आणि उठून गेले. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना सांगू म्हटलं, तर त्यांचं डोकं दुखत होतं. मला वाटायचं, डोंगेवालीचे पैसे म्हटलं तर मामाजींचा अपमान होईल. ज्यांना आपण धान देतो, जे यंदा दिलंही नाही, त्यांच्याकडून घ्यायचं? ते ओरडतील, आणि ओरडतील ते माझ्यावर. जाऊबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी तेव्हाच बोलून टाकलं असतं. पण त्या अवघडलेल्या, त्यांना कशाला त्रास, असं मी स्वतःला सांगितलं. रोज झिऱ्यावर बुढी माझ्याकडे बघायची आणि मी वाळूकडे बघायची. चौथ्या दिवसापासून मी वेळ बदलली, उन्हं चढल्यावर जाऊ लागले, ती भेटू नये म्हणून.

असे नऊ दिवस.

नवव्या दिवशी जाऊबाई बाळंत झाल्या. मुलगी झाली. बाळंतपण सोपं झालं, सुईण म्हणाली इतकं सोपं कमी बघितलं. जाऊबाईंनी मला जवळ बोलावून बाळ दाखवलं आणि म्हणाल्या, "इच्यावर ओरडून घेजो, बोलाची सवय होईल तुले." त्यांना फार तहान होती. मी झिऱ्याचं पाणी गाळून, उकळून दिलं. पहिला तांब्या उकळून दिला. नंतर त्या मागतच राहिल्या, सरपण संपत आलं होतं, आणि एकदा मी नुसतंच गाळून दिलं. एकदा की दोनदा, आता आठवत नाही. आठवत नाही असं म्हणते, पण दोनदा.

तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांना उलट्या सुरू झाल्या. दुपारपर्यंत डोळे आत गेले. हाताची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. त्या शेवटपर्यंत पाणी मागत होत्या आणि मी देत होते, तेच पाणी. दिवस मावळायच्या आत त्या गेल्या.

बोडीच्या पाण्यानं त्या वाचल्या असत्या का, मला ठाऊक नाही. मी डॉक्टर नाही. पण ते पाणी त्यांना मिळू शकत होतं, आणि नऊ दिवस ते माझ्या तोंडात अडकलं होतं, एवढं ठाऊक आहे.

बाळाला शेळीचं दूध द्यायचं ठरलं. नुसतं दूध पचत नाही, त्यात पाणी घालावं लागतं. मी पाणी तीनतीनदा उकळायची. पण त्या पाण्याचा वास उकळूनही जात नसे. जाऊबाई गेल्यावर चौथ्या दिवशी बाळाला ढाळ सुरू झाले. पातळ, हिरवे. बाळ रडायचंही नाही नीट, मांजरीच्या पिलासारखा बारीक आवाज करायचं.

मी गुंडी घेऊन बोडीच्या कुंपणापाशी गेले. काटे बाजूला सारले तर हात पाण्याला लागला असता. खोटं कशाला लिहू, मी चौथी शिकलेली होते पण मलाही भीती वाटली. चोरीचं पाणी बाळाला पाजलं आणि ती चोरी बाळावरच आली तर? मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. मग तशीच रिकामी गुंडी घेऊन खालटोल्याच्या खाली, ढिवरांच्या घरांकडे चालू लागले.

बुढी दारात जाळं घेऊन बसली होती, पण हात हलत नव्हते. मी समोर उभी राहिले. बराच वेळ तिनं वर पाहिलं नाही.

"आता आली का?" ती म्हणाली. "तुई जाऊ जित्ती होती तवा कुठं गेल्ती?"

मी रिकामी गुंडी खाली ठेवली.

"माही नात गेली परवा." तिनं जाळ्याची एक गाठ सोडली. "तुमच्या घरी रडारड होती, तुमाले कसं समजन?"

मी तिथेच खाली बसले. मला रडू आलं नाही. मी म्हणाले, "माय, मी सांगितलंच नाही. मला बोलता आलं नाही." आयुष्यात परक्या माणसापुढे एवढं लांब वाक्य मी पहिल्यांदा बोलले असेन.

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मले समजलं होतं. त्याच दिवशी समजलं होतं का ही काई सांगत नाई. मी सोता यासाठी नाई गेली का तुया सासरा मले अंगनात उभं नसता करत. दोघीचं बी तेच." मग थोड्या वेळानं, "पोरगी कशी हाय?"

"ढाळ लागले."

ती आत गेली. चुलीमागची माती उकरल्याचा आवाज आला. मडक्यातून फडकं काढून तिनं माझ्या पदरात टाकलं. "मोजून घे. मायं नाव सांगशीन तं तो घेनार नाई. अन् हे आता तुया सासऱ्याचं देनं नाई, तुयं हाय."

मी घरी आले आणि सरळ अंगणात मामाजींच्या समोर गेले. डोक्यावरचा पदर पुढे ओढला होता, त्यामुळे मला त्यांचे पायच दिसत होते. मी म्हणाले, "मामाजी, आमगावहून वडिलांनी तीस रुपये पाठवले. बोडीच्या लग्नासाठी. तुम्ही नाही म्हणू नका, बाळाला पाणी पाहिजे."

सासूबाई दारात आल्या. मामाजी म्हणाले, "घरात सुतक हाय, सूनबाई." त्यांचा आवाज मऊ होता. मला वाटलं होतं ओरडतील. त्यांनी पैसे घेतले आणि उठून खालटोल्याकडे गेले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ते स्वतः तिकडे गेले.

पंचांनी तोड काढली. सुतक आमच्या घराला, टोल्याला नाही. वरटोल्यातल्या दुसऱ्या कुळातल्या एका जोडप्यानं मुलीचे आईबाप म्हणून बसावं. पंच असंही म्हणाले म्हणे, की लाटेबरोबर तांदळाचं एक पोतंही आम्ही आणतो. हे त्यांनी माघात म्हटलं असतं तर? पण हा प्रश्न विचारायला माझं तोंड नाही.

तीन दिवसांत लग्न झालं. तिरोड्याहून ब्राह्मण आला. लाटेला हळद लावली, बाशिंग बांधलं, आणि गावात उरलेल्या म्हाताऱ्यांनी ती खांद्यावर घेतली. ढोल एकच, तोही फाटका. बायका गाणी म्हणत होत्या, पण मधल्या ओळी जाऊबाईंना पाठ होत्या, इतरांना नाही, त्यामुळे गाणं दरवेळी तिथे येऊन अडायचं. आम्ही सुतकातले, लांब मोहाच्या झाडाखाली बसलो होतो. मामाजी पाठ करून बसले होते. जेवणाच्या पंगतीत ढिवरांची घरं शेवटी बसली, आणि बुढी त्या शेवटच्या ओळीच्या शेवटी. भात कमी पडला तेव्हा तिच्या पानावर डाळच आली. मी लांबून पाहिलं. तिनं ती खाल्ली आणि पान दुमडलं.

अक्षता पडल्यावर कुंपण काढलं. पहिली गुंडी कोणीतरी आमच्या बाळासाठी आणून दिली. बाळ आठ दिवस तसंच होतं, मग हळूहळू दूध पोटात राहू लागलं. ती जगली. आता तिची स्वतःची दोन मुलं आहेत. तिला यातलं काही ठाऊक नाही.

पुढचा पाऊस वेळेवर आला. भासरे खाणीवरून परत आले तेव्हा त्यांना दाराशीच कळलं. ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, कोणाशीच बोलले नाहीत.

त्या पावसाळ्यात माझे वडील आले. बुढीनंच त्यांना फुटक्या डोंग्यातून आणलं, एक माणूस सारखा भोपळ्यानं पाणी उपसत होता. मी घाबरून चुलीपाशी बसले होते. जेवताना मामाजी म्हणाले, "तुमचे उपकार विसरनार नाई. त्या टायमाले तुमी तीस रुपये धाडले नसते तं..."

वडिलांचा घास थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते म्हणाले, "मुलीचंच होतं ते. तिचंच तिला दिलं." आणि भात मागितला. निघताना पाळीवर त्यांनी मला हळूच विचारलं, "कोणाचे?" मी डोंग्याकडे बोट केलं. माझ्या वडिलांचं किराण्याचं लहान दुकान होतं, तीस रुपये त्यांच्याजवळही नव्हते. त्यांनी कनवटीचे दोन रुपये मला दिले आणि फाटक्या छत्रीत शिरून डोंग्यात बसले. ते दोन रुपये मी दुसऱ्या दिवशी बुढीला दिले. अठ्ठावीस राहिले.

बोडीचे नियम त्याच वर्षी झाले. लाट पाण्यात मधोमध उभी होती, ती कुठवर बुडते ते काठावरून दिसायचं. मामाजींनी मला बोलावलं आणि म्हणाले, तुला आकडे येतात, कोळशानं काढून दे. सुताराच्या फळीवर मी तीन, दोन, एक असे मोठे आकडे काढले. त्यानं ते लाटेवर कोरले, वर तीन, खाली एक. पाणी तीनच्या खाली गेलं की शेताला बंद. दोनच्या खाली गेलं की गुरांना नदीवर न्यायचं. एकच्या खाली गेलं की घरटी दोन गुंड्या, बाळंतिणीच्या घरी चार. बाळंतिणीचं मी सुचवलं. दाराआडून नाही, अंगणात येऊन. दर उन्हाळ्यात घरटी एक माणूस गाळ काढायला. पुढे दोन वाईट वर्षं आली, पाणी एकपर्यंत गेलं, झिऱ्यावर कोणाला जावं लागलं नाही. लोक म्हणायचे, बोडी लाभली. लाभली हे खरं.

पैसे फेडायला मला सात वर्षं लागली. माझ्या हातात पैसा कुठून येणार? मी विड्या वळायला शिकले. गोंदियाच्या विडी कारखान्याचा एक माणूस तिरोड्याच्या बाजारी पानं आणि तंबाखू द्यायचा. घरचं काम आटपून वळायच्या, बांधून ठेवायच्या, बाजाराला जाणाऱ्या बाईबरोबर पाठवायच्या. वाईट विड्या तो काढून टाकायचा आणि त्यांचे पैसे कापायचा. आलेल्यातले बरेच सासूबाईंना द्यावे लागत, उरतील ते मी ठेवायची. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायची. कधी चार आणे, कधी आठ आणे, एका वर्षी तर मिळून सव्वाच रुपया. यजमानांना मी सांगितलं नाही. त्यांना वाटे मला विड्यांची हौस आहे, ते चेष्टा करायचे. बुढी घेताना कधी काही बोलायची नाही. नाणं दगडावर वाजवून बघायची आणि लुगड्याच्या गाठीत बांधायची. एकदा खोटी चवली निघाली ती तिनं परत माझ्या हातावर ठेवली. एकदा आजारी होते म्हणून वर्षभर काही दिलं नाही, तर तिनं मागितलंही नाही. ते जास्त लागलं मला.

शेवटचे दोन रुपये मी एका कार्तिकात घेऊन गेले. बुढीची नजर गेली होती. मुलगा खाणीवर गेला तो तिकडेच राहिला होता. जुना डोंगा काठावर उपडा पडला होता, त्याच्या भेगांत गवत उगवलं होतं. आता पलीकडच्या गावातला एक जण स्वतःचा डोंगा आणून लोकांना नेत-आणत असे. मी पैसे तिच्या तळहातावर ठेवले आणि म्हणाले, "माय, हे शेवटचे. तीस झाले."

तिनं नेहमीसारखी दोन्ही नाणी दगडावर वाजवली. मग बोटांनी मोजत बसली, पहिल्यापासून, कोणत्या वर्षी किती. माझ्याहून तिला नीट आठवत होतं. सव्वा रुपयाचं वर्ष आलं तेव्हा ती थांबली आणि पुढे गेली.

"तीस," ती म्हणाली. "बरोबर."

मी विचारलं, आता डोंगा कोरणार का.

"कोन हाकन?" ती म्हणाली, आणि पैसे गाठीत बांधले.